माणूस खोलीत नसताना उंदीर काय करतात?

प्रयोगशाळेतला उंदीर रात्री जागतो आणि त्याच्यावर संशोधन करणारा माणूस दिवसा. वर्तनाच्या अभ्यासातली बरीचशी गडबड इथूनच सुरू होते. सकाळी दहा ही उंदराची झोपेची वेळ. तेव्हा त्याला घरट्यातून काढायचं, शेपटीला धरून उचलायचं, लख्ख उजेडातल्या रिकाम्या चौकोनात सोडायचं, पाच-दहा मिनिटं तो कुठे जातो ते बघायचं आणि परत पिंजऱ्यात ठेवायचं. भिंतीला चिकटून राहिला तर घाबरट, मध्यभागी फिरला तर धीट. १९३०च्या दशकात कॅल्विन हॉल या मानसशास्त्रज्ञाने सुरू केलेली ही चाचणी आजही जगभर वापरली जाते.

ती निरुपयोगी आहे असं नाही. पण तिच्यातून कळतं ते झोपमोड झालेल्या, नुकत्याच उचललेल्या, अनोळखी जागी टाकलेल्या प्राण्याबद्दल. तोच प्राणी आपल्या पिंजऱ्यात, सोबत्यांबरोबर, अंधारात कसा वागतो हे त्यातून कळत नाही. वर्तनाची स्वयंचलित नोंद हा प्रकार त्यासाठी आहे. उंदराला त्याच्या जागी राहू द्यायचं, माणसाने बाहेर जायचं, आणि सेन्सर, कॅमेरे, मायक्रोफोन यांनी दिवसरात्र टिपत राहायचं.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'उंदीर' म्हणताना बहुतेक वेळा लहान जातीचा उंदीर, म्हणजे माऊस अभिप्रेत आहे. मोठ्या जातीबद्दल बोलताना 'रॅट' असं म्हणेन.

माणूस गेल्याने काय फरक पडतो?

बराच पडतो. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. खोलीत पुरुष संशोधक असेल तर उंदीर आणि रॅट वेदनेची प्रतिक्रिया कमी दाखवतात, बाई असेल तर असं होत नाही. कारण वास. पुरुष स्वतः नसला आणि त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम दिसला. वासाने ताण येतो आणि ताणामुळे शरीर वेदना काही काळ दाबून टाकतं. आता वेदनाशामक औषधाच्या चाचणीचा विचार करा. उंदीर शांत बसला आहे तो औषधामुळे की प्रयोग करणाऱ्याच्या शर्टामुळे, हे कसं ठरवायचं?

त्याआधी २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी फक्त उचलण्याच्या पद्धतींची तुलना केली होती. शेपटीने उचललेले उंदीर माणसाला टाळत होते आणि चाचण्यांमध्ये जास्त चिंताग्रस्त दिसत होते. नळीतून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले तसे नव्हते. म्हणजे चाचणी सुरू होण्याआधीच चाचणीचा निकाल थोडा हलवून झालेला असतो.

या क्षेत्रात सगळ्यात जास्त सांगितली जाते ती १९९९ची हकिगत. जॉन क्रॅब, डग्लस वॉलस्टन आणि ब्रूस डुडेक या तिघांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथल्या आपापल्या प्रयोगशाळांत एकच प्रयोग एकाच वेळी केला. तिन्हीकडे उंदरांच्या त्याच आठ जाती, सारखीच उपकरणं, सारखंच वेळापत्रक. जे जे सारखं करता येईल ते त्यांनी केलं. तरीही काही चाचण्यांत तीन शहरांत तीन वेगळी चित्रं उभी राहिली. काही गोष्टी मात्र टिकल्या. दारूची आवड कोणत्या जातीला जास्त, याचं उत्तर तिन्हीकडे जवळपास एकच आलं. त्यामुळे 'उंदरांच्या वर्तनावर विश्वासच ठेवू नका' असा या प्रयोगाचा अर्थ कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे. ठळक फरक कुठेही दिसतात. बारीक फरक मात्र कोण, कुठे आणि कसं मोजतं यावर डगमगतात.

चाक: सगळ्यात जुना पहारेकरी

हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात सुरू झालं असा समज होतो, पण पिंजऱ्यातलं फिरतं चाक हे शंभर वर्षांहून जुनं स्वयंचलित यंत्रच आहे. उंदीर धावला की चाक फिरतं, प्रत्येक फेरी मोजली जाते, आणि माणसाला तिथे थांबावं लागत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कर्ट रिक्टर यांनी १९२०च्या दशकात अशाच नोंदींवरून रॅटच्या रोजच्या लयीचा अभ्यास केला.

या साध्या चाकाने काय मिळवून दिलं ते थक्क करणारं आहे. सतत अंधारात ठेवलेला उंदीरसुद्धा साधारण रोज ठरलेल्या वेळी धावायला लागतो, कारण वेळ सांगणारं घड्याळ त्याच्या शरीरातच असतं. १९८८ मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना एका हॅम्स्टरच्या (उंदरासारख्याच छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या) चाकाच्या नोंदीत गडबड दिसली. त्याचा दिवस चोवीस तासांचा नव्हता, बराच लहान होता. ते 'टाऊ' नावाचं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात झालेला बदल, निघालं. त्याच्या दोन्ही प्रती असलेल्या हॅम्स्टरचा दिवस सुमारे २० तासांचा असतो. १९९४ मध्ये जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने याच्या पुढची मजल मारली. रसायनाने उत्परिवर्तन घडवलेल्या उंदरांच्या सुमारे तीनशे पिल्लांना त्यांनी चाकं दिली आणि नोंदी चाळल्या. त्यात एकाचा दिवस इतरांपेक्षा तासभर मोठा होता. त्या एका पिल्लातून पुढे 'क्लॉक' हा जनुक सापडला. शेजारी वही घेऊन बसलेल्या माणसाला एका तासाचा हा फरक दिसला असता का? मला शंका आहे. आठवडेच्या आठवडे न चुकता मोजलं तरच तो दिसतो.

चाकाबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जायचा: धावणं हा कोंडलेल्या प्राण्याचा चाळा आहे, खरं वर्तन नव्हे. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या योहाना माइयर आणि युरी रॉबर्स यांनी चाक उघड्यावर नेऊन ठेवलं आणि कॅमेरा लावला. रानातले उंदीर स्वतःहून येऊन त्यात धावले. बेडूक आणि गोगलगायीसुद्धा चाकावर चढलेल्या दिसल्या, पण ते असो. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. धावण्याने प्राणी बदलतो, त्याच्या मेंदूत नव्या पेशी जास्त तयार होतात. मोजण्याचं साधनच उपचार होऊन बसतं.

चिप आणि जमिनीखालचे सेन्सर

ज्याने प्राण्यावर काहीच परिणाम होणार नाही असं साधन हवं, या शोधातून पुढचे प्रकार आले. सर्वात सोपा म्हणजे पिंजऱ्याच्या आरपार जाणारे इन्फ्रारेड किरण. उंदीर मधून गेला की किरण तुटतो आणि एक नोंद होते. हे किरण उंदराला दिसत नाहीत, त्यामुळे त्याची रात्र रात्रच राहते. काही आधुनिक पिंजरे ज्या फळीवर ठेवतात तिच्यात बारा इलेक्ट्रोड असतात. वर उंदीर आला की विद्युतक्षेत्र किंचित बदलतं आणि तो साधारण कुठे आहे ते सेकंदाला चार वेळा कळतं. गंमत म्हणजे भुसा ओला झालेलाही या इलेक्ट्रोडना कळतो. मधुमेह झालेल्या उंदराला लघवी जास्त होते, तेव्हा ही 'गंमत' कधीकधी मुख्य मोजमापच ठरू शकते.

पण एका पिंजऱ्यात चार उंदीर असतील तर कोण कुठे आहे? उंदीर समूहात राहणारा प्राणी. मोजायला सोपं जावं म्हणून त्याला एकटं ठेवलं तर तो एकटेपणाच त्याचं वर्तन बदलतो. यावर उपाय म्हणजे मानेजवळ त्वचेखाली बसवलेली सुमारे १२ मिलीमीटर लांबीची काचेच्या आवरणातली चिप. तिच्यात बॅटरी नसते. अँटेनाच्या जवळ आली की ती अँटेनाच्याच ऊर्जेवर आपला क्रमांक सांगते. इंटेलिकेज या पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांत अशा अँटेना आणि पाण्याच्या बाटल्या असतात. सोळा उंदीर एकत्र राहतात, पण प्रत्येकाला वेगळा धडा देता येतो: एकाला या कोपऱ्यात पाणी, दुसऱ्याला त्या. कोण किती लवकर शिकलं, कोणाला नियम बदललेला उशिरा कळला, हे सगळं हात न लावता नोंदलं जातं.

या पद्धतीचा मला सर्वात आवडणारा उपयोग २०१३ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला झाला. गेर्ड केम्परमान यांच्या गटाने आनुवंशिकदृष्ट्या एकसारख्या ४० उंदरांना नळ्या, मजले आणि खेळणी असलेल्या एका मोठ्या पिंजऱ्यात तीन महिने एकत्र ठेवलं. जनुकं तीच, घर तेच. तरी जसजसे दिवस गेले तसतसे ते एकमेकांपासून वेगळे होत गेले. काही जण सगळीकडे भटकू लागले, काही ठरावीक भागातच राहिले. आणि जे जास्त जागा पालथी घालत होते त्यांच्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशीही जास्त आढळल्या. एरवी संशोधक 'व्यक्तीव्यक्तीतला फरक' हा त्रास समजून सरासरीत बुडवतात. इथे तोच फरक अभ्यासाचा विषय झाला, आणि तो सापडला तो प्रत्येक उंदराच्या प्रत्येक फेरीची वेगळी नोंद होती म्हणूनच. दहा मिनिटांच्या चाचणीत यातलं काहीही दिसलं नसतं.

कॅमेरा काय बघतो?

चिप जागा सांगते, शरीर काय करतंय ते सांगत नाही. त्यासाठी कॅमेरा लागतो, आणि कॅमेऱ्याबरोबर येतो ढीग. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० स्थिर चित्रं, धरल्या तर एका पिंजऱ्याच्या एका दिवसाच्या २५,९२,००० फ्रेम होतात. एका फ्रेमला एक सेकंद दिला तर एका दिवसाची नोंद बघायला न झोपता तीस दिवस लागतील. म्हणून बघण्याचं कामही यंत्राला द्यावं लागलं.

१९९०च्या दशकापासून वापरात असलेल्या संगणकीय प्रणाली, उदाहरणार्थ नोल्डस कंपनीची इथोव्हिजन, मुळात एक सोपी युक्ती वापरत. रिकाम्या पिंजऱ्याचं चित्र वजा करायचं. उरलेला ठिपका म्हणजे उंदीर, त्याचा मध्य म्हणजे उंदराची जागा. यातून अंतर, वेग, भिंतीलगतचा वेळ हे सगळं मिळतं. पण ठिपक्याला हात-पाय नसतात.

२०१८ मध्ये आलेल्या डीपलॅबकटने हे बदललं. मॅकेन्झी मॅथिस, अलेक्झांडर मॅथिस, मॅथियास बेथगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात वापरलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकी प्रोग्राम, आधी लाखो साध्या छायाचित्रांवर शिकून आलेलं असतं, त्यामुळे कडा, आकार, पोत म्हणजे काय हे त्याला पुन्हा शिकवावं लागत नाही. संशोधक आपल्या व्हिडिओतल्या साधारण दोनशे फ्रेम घेतो, त्यांवर नाकाचं टोक, कान, पंजे, शेपटीचं मूळ असे बिंदू हाताने लावतो, आणि नेटवर्क बाकीच्या लाखो फ्रेमवर तेच बिंदू स्वतः शोधतं. प्राण्याच्या अंगावर खुणा रंगवण्याची गरज उरली नाही. पाठोपाठ एकाच वेळी अनेक प्राण्यांचा माग ठेवणारी सॉफ्टवेअरही आली.

अडचणी अगदी साध्या असतात, आणि त्या लेखांपेक्षा प्रयोगशाळेत जास्त ऐकू येतात. सर्वाधिक वापरली जाणारी उंदरांची जात काळी आहे. गडद जमिनीवर ती दिसत नाही. उंदीर भुशात शिरतो, घरट्यात झोपतो आणि तासन्‌तास कॅमेऱ्यापुढून नाहीसा होतो. दोन उंदीर एकमेकांना बिलगून झोपतात आणि उठतात तेव्हा संगणकाने त्यांची अदलाबदल केलेली असते. त्यानंतरची सगळी नोंद चुकीच्या उंदराच्या नावावर जमा होते. म्हणून चिप आणि कॅमेरा एकत्र वापरायची पद्धत रुळते आहे: ओळख चिपकडून, हालचाल कॅमेऱ्याकडून. एका प्रयोगशाळेत तयार झालेलं मॉडेल दुसरीकडे नेलं की दिव्याची जागा किंवा कॅमेऱ्याचा कोन बदलल्यानेही अडखळतं. आणि त्याची परीक्षा ज्या व्हिडिओवर ते शिकलं त्याच व्हिडिओच्या शेजारच्या फ्रेमवर घेतली असेल, तर मिळालेल्या गुणांना काही अर्थ नाही. उत्तम गुण जाहीर करणारा लेख वाचताना मी आधी हेच बघतो.

बिंदूंपासून वर्तनापर्यंत

इथपर्यंत यंत्राने फक्त बिंदूंच्या जागा दिल्या. 'अंग चाटतोय', 'वास घेतोय', 'पाठलाग करतोय' हे शब्द त्यात कुठेच नाहीत. ते आणायचे दोन मार्ग आहेत.

पहिल्यात तज्ज्ञ माणूस काही व्हिडिओ बघून वर्तनाला नावं देतो आणि यंत्र त्याची नक्कल करायला शिकतं. अडचण अशी की दोन तज्ज्ञांचंच एकमत नसतं. वरून बघताना खाणारा उंदीर आणि तोंड साफ करणारा उंदीर जवळपास सारखेच दिसतात: पाठीची कमान, पंजे तोंडाशी. आणि पाठलाग नेमका कोणत्या फ्रेमला सुरू झाला? यंत्र ज्याच्याकडून शिकलं त्याच्या सवयी बिनबोभाट पुढे चालवतं. माणूस खोलीबाहेर गेला, पण त्याची मतं आत राहिली.

दुसऱ्या मार्गात नावं द्यायचीच नाहीत. हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०१५ मध्ये व्हिडिओ गेमसाठी बनवलेला, अंतर मोजणारा कायनेक्ट कॅमेरा पिंजऱ्यावर टांगला आणि उंदराच्या शरीराचा त्रिमितीय आकार सतत टिपला. हालचालींमध्ये पुन्हा पुन्हा येणारे तुकडे कोणते, हे गणितालाच शोधू दिलं. सेकंदाच्या काही दशांशांएवढे छोटे तुकडे निघाले: थबकणं, वळणं, मागच्या पायांवर उभं राहणं. ते कोणते कशापाठोपाठ येतात यालाही नियम होते. कोल्ह्याच्या वासाचं रसायन पिंजऱ्यात ठेवलं तेव्हा अगदी नवं असं काही घडलं नाही. जुनेच तुकडे कमी-जास्त झाले आणि त्यांचा क्रम बदलला; माणसाला ती 'भीती' म्हणून दिसली. मोसेक या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २०२० मध्ये मेंदूवर काम करणाऱ्या १५ औषधांवर वापरली. फक्त हालचालींवरून कोणतं औषध दिलं आहे ते ओळखायला ती नेहमीच्या मोजमापांपेक्षा सरस ठरली.

मला दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, पण तोही फुकट मिळत नाही. तुकडा क्रमांक ३७ वाढला हे कळतं. तो काय आहे हे सांगायला शेवटी कोणालातरी व्हिडिओ बघावाच लागतो.

ऐकू न येणारा भाग

आवाजाबद्दल थोडक्यात. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं आणि उंदरांचं बरंचसं बोलणं त्याच्या वर चालतं. रॅटच्या बाबतीत २२ किलोहर्ट्झच्या आसपासचे लांब आवाज धोक्याशी आणि त्रासाशी जोडलेले आहेत, तर ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे छोटे आवाज खेळाशी. याक पांकसेप यांनी रॅटना गुदगुल्या केल्या तेव्हा हेच छोटे आवाज निघाले होते. २०१९च्या डीपस्क्वीक या सॉफ्टवेअरची कल्पना सुटसुटीत आहे: आवाजाचं आलेखचित्र काढायचं आणि छायाचित्रात वस्तू शोधणारं तंत्र त्या चित्रावर चालवायचं. नेमका कोण बोलला हे शोधणं मात्र कठीण, कारण ओरडताना उंदराच्या शरीरावर फारसं काही दिसत नाही. त्यासाठी अनेक मायक्रोफोन लावून आवाजाची दिशा काढावी लागते.

अचूक मोजलं, पण काय मोजलं?

१९७७ मध्ये रॉजर पोर्सोल्ट यांनी मांडलेल्या चाचणीत उंदराला बाहेर पडता येणार नाही अशा पाण्याच्या भांड्यात सोडतात. थोडा वेळ धडपडून तो निश्चल तरंगतो. हा निश्चल काळ 'हताशा' मानला गेला, कारण नैराश्यावरची औषधं दिल्यावर तो कमी होत होता. अनेक संशोधकांचं म्हणणं वेगळं आहे: सुटका नाही हे उंदीर शिकला आणि त्याने ताकद वाचवली. या वादामुळे आणि प्राण्याला होणाऱ्या त्रासामुळे काही औषध कंपन्यांनी ही चाचणी सोडून दिली. आजचा कॅमेरा निश्चल काळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजू शकतो. वाद तसूभरही पुढे सरकत नाही.

याउलट झोपेचं उदाहरण घ्या. व्हिडिओत उंदीर सलग ४० सेकंद अजिबात हलला नाही तर तो झोपला असं धरायचं, हा नियम कोणालाही भाबडा वाटेल. पण मेंदूला तारा जोडून घेतलेल्या नोंदीशी तो ताडून पाहिला गेला आणि ९० टक्क्यांच्या आसपास जुळला. म्हणून तो वापरता येतो. नियम किती हुशार आहे याला महत्त्व नाही, तो स्वतंत्र पुराव्याशी ताडला आहे का याला आहे.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. आठ उंदरांच्या कोटभर फ्रेम म्हणजे कोटभर निरीक्षणं नव्हेत, उंदीर आठच. आणि संगणक हजार मोजमापं देत असेल तर त्यातली पन्नासेक, वीसात एकदा योगायोग चालवून घेण्याच्या नेहमीच्या निकषाने, निव्वळ योगायोगानेच 'लक्षणीय' निघतील. काय बघणार आहोत हे आधी लिहून ठेवणं हाच त्यावरचा साधा उपाय.

प्राण्यांच्या दृष्टीने फायदा खरा आहे. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वं मांडली: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. उंदीर हा शिकार होणारा प्राणी. समोर कोणी असलं की आजार लपवतो. दिवसातून एकदा डोकावणाऱ्या माणसाला जे दिसत नाही ते रात्रीची हालचाल मंदावल्याच्या नोंदीत आधी दिसू शकतं, आणि त्याला वेळेवर उपचार देता येतात किंवा त्याच्या वेदना थांबवता येतात. नोंदींमधून माणसांबद्दलही कळतं. पिंजरा बदलला की उंदरांची हालचाल पुढचे काही तास वाढलेली दिसते. त्या दिवशी केलेली चाचणी कितपत धरायची?

आता राहिला साठवणुकीचा प्रश्न, जो कंटाळवाणा वाटतो म्हणून मागे पडतो. व्हिडिओ प्रचंड जागा खातो, बिंदूंचे आकडे अगदी थोडी. त्यामुळे बिंदू काढून झाले की व्हिडिओ पुसून टाकण्याचा मोह होतो. माझ्या मते निदान नमुन्यादाखल तरी मूळ व्हिडिओ ठेवायलाच हवा. बिंदू कुठे लावायचे हे त्या वर्षीच्या प्रश्नावरून ठरलेलं असतं. उद्या कोणाला शेपटीच्या टोकाची थरथर महत्त्वाची वाटली आणि तिथे कोणी बिंदू लावलेलाच नसेल, तर त्या उंदरांना पुन्हा विचारता येणार नाही. नवे उंदीर आणावे लागतील.